मुंबईच्या हवेत पॉलिमर फोटोग्राव्ह्युअर: इंकजेट फिल्मपासून छापापर्यंत

एचिंग प्रेसमधून निघालेल्या फोटोतला काळा रंग कागदाच्या तंतूंत शिरलेला असतो. गडद जागेवरून हलकं बोट फिरवलं तर शाईचा थर जाणवतो, उजेडाच्या जागी कागद जवळजवळ कोरा राहतो, आणि चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दाबलेला ठसा उमटतो. फोटोग्राव्ह्युअरचं हे रूप मिळवायला एकेकाळी तांब्याची प्लेट, जिलेटिनचा टिश्यू आणि फेरिक क्लोराइडचं द्रावण लागायचं. फोटोग्राफीचे आद्य इंग्रज संशोधक हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८५२ मध्ये या पद्धतीच्या सुरुवातीच्या रूपाचं पेटंट घेतलं. चेक चित्रकार कारेल क्लिच यांनी १८७९ च्या सुमारास व्हिएन्नात ती नीट बसवली. आपल्याकडे चित्रपटाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके फोटो-एनग्रेव्हिंग आणि छपाईच्याच धंद्यात होते, आणि यंत्रसामग्रीसाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले होते. फोटोवरून प्लेट करून छाप काढणं हे मुंबईला अजिबात नवं नाही.

आता तांबं आणि आम्ल दोन्ही बाजूला ठेवता येतात. पाण्याने धुतली जाणारी पॉलिमर प्लेट आणि बऱ्यापैकी इंकजेट प्रिंटर असला, तर प्रेसखेरीज सगळं काम दोन खोल्यांच्या घरात होतं. अडचण एवढीच, की या पद्धतीवरचं बहुतेक लेखन थंड आणि कोरड्या हवेत काम करणाऱ्यांचं आहे. त्यांच्या वेळा आणि त्यांची मापं दादर-परळच्या हवेत जशीच्या तशी लागू पडत नाहीत. पॉलिमर पाणी ओढतो, फिल्मवरची शाई दमटपणात वाळत नाही, ओला करून ठेवलेला कागद दोन दिवसांत बुरशी धरतो. म्हणून खोलीत एक साधा आर्द्रतामापक टांगा आणि प्रत्येक प्लेटच्या नोंदीत वेळेइतकीच आर्द्रताही लिहा. माझ्या मते मुंबईत या कामात हात बसण्याचा हाच सर्वांत जवळचा रस्ता आहे.

तत्त्व

प्लेट म्हणजे पातळ पोलादी पत्र्यावर चढवलेला पॉलिमरचा थर. अतिनील किरण पडले की तो कडक होतो आणि पाण्यात विरघळत नाही. किरण अडले तिथे तो मऊ राहतो, धुताना निघून जातो आणि खळगा तयार होतो. त्या खळग्यात शाई बसते. फोटोतला गडद भाग किरण अडवायला हवा, म्हणून इथे निगेटिव्ह लागत नाही, पॉझिटिव्ह फिल्म लागते.

पण नुसत्या पॉझिटिव्हने काम होत नाही. मोठा गडद भाग सलग धुऊन निघाला तर तळ गुळगुळीत असलेला एक रुंद खड्डा होतो, आणि पुसताना त्यातली शाई फडक्याबरोबर बाहेर येते. छापात तो भाग मध्ये करडा आणि कडेला काळा दिसतो. एचिंग करणारे याला ओपन बाइट म्हणतात. ते टाळायला प्लेटला दोनदा प्रकाश द्यायचा: एकदा बारीक, अनियमित ठिपक्यांच्या अक्वाटिंट स्क्रीनमधून आणि एकदा पॉझिटिव्हमधून. स्क्रीनमुळे सगळ्या प्लेटभर सूक्ष्म खांब उभे राहतात, आणि शाई त्यांच्यामधल्या जागेत अडकून बसते.

या दोन एक्स्पोजरची कामं वेगळी आहेत, हे पक्कं डोक्यात ठेवा. स्क्रीनचं एक्स्पोजर काळा किती काळा होणार ते ठरवतं. पॉझिटिव्हचं एक्स्पोजर पांढरा किती स्वच्छ राहणार ते ठरवतं. मधल्या छटा फाइलमधल्या कर्व्हने, म्हणजे छटा हलक्या-गडद करणाऱ्या आलेखाने, जुळवायच्या. छाप बिघडला की या तिघांतलं नेमकं काय हलवायचं ते यावरून कळतं, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची.

सामान

प्लेटमध्ये टोयोबो या जपानी कंपनीची प्रिंटाइट केएम७३ जगभर वापरली जाते. अमेरिकी मुद्राचित्रकार डॅन वेल्डन यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेली सोलारप्लेटही याच जातीची. दोन्ही मागवाव्या लागतात. पण मुंबईत लग्नपत्रिका, लेबलं आणि एम्बॉसिंगच्या कामासाठी पॉलिमर प्लेट वापरणारे ब्लॉकमेकर आहेत, आणि त्यांच्याकडून कापलेले तुकडे मिळाले तर सराव स्वस्तात होतो. विचारताना तीन गोष्टी विचारा: प्लेट पाण्याने धुतली जाणारी आहे का, मागे पोलाद आहे की प्लास्टिक, आणि थर किती जाड आहे. लेटरप्रेसच्या जाड थराच्या प्लेटवर बारीक छटा उतरवणं अवघड जातं. जुना साठा घेऊ नका. वर्षभर उघड्या पाकिटात पडलेली प्लेट कडेने आधीच अर्धवट कडक झालेली असते.

अतिनील प्रकाशासाठी शिक्के बनवणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा. पॉलिमरचे शिक्के करण्यासाठीची छोटी एक्स्पोजर यंत्रं तिथे मिळतात, आणि साधारण ३६५ नॅनोमीटरच्या ट्यूब असलेलं यंत्र ए४ पर्यंतच्या प्लेटला पुरतं. मोठं हवं असेल तर लॅमिंग्टन रोडवरून अतिनील एलईडी, टायमर आणि पॉवर सप्लाय आणून पेटी बनवता येते. दिवे प्लेटपासून इतके दूर ठेवा की कोपरे आणि मध्य यांना सारखाच प्रकाश मिळेल. ट्यूब असतील तर त्या आधी काही मिनिटं पेटवून ठेवाव्या लागतात, नाहीतर पहिली प्लेट कमी प्रकाश खाते आणि तिसरी जास्त. दिवा चालू असताना त्याकडे पाहू नका. अतिनील किरण अडवणारा चष्मा घालाच.

गच्चीवर उन्हात प्लेट काढायचा मोह होतो. मार्चमध्ये ते जमतंही. पण दुपारी बाराचं आणि चारचं ऊन एक नसतं, ढगाचा एक तुकडा आला की हिशोब चुकतो, आणि जून ते सप्टेंबर हा मार्ग बंदच. ऊन शेवटच्या कडक करण्याच्या पायरीसाठी राखून ठेवा. तिथे ते उत्तम चालतं.

स्क्रीन इमेजसेटरवर, म्हणजे छपाईच्या फिल्म काढणाऱ्या यंत्रावर, काढलेल्या फिल्मचा, अनियमित ठिपक्यांचा हवा. इंकजेटवर तो घरी काढता येत नाही, कारण एवढे बारीक आणि घट्ट काळे ठिपके त्या यंत्रातून निघत नाहीत. फ्लेक्सो किंवा स्क्रीन प्रिंटिंगसाठी फिल्म काढून देणाऱ्याकडून करून घ्या किंवा तयार मागवा. एकदाच घ्यायची वस्तू आहे आणि ओरखडा पडला तर प्रत्येक छापावर दिसतो, तेव्हा पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

याशिवाय सहा मिलिमीटर जाड साधी काच, ट्रे, मऊ ब्रश, एचिंगची तेलाची शाई, टार्लटन (शाई पुसायचं खळ घातलेलं विरळ कापड) आणि कॉटन रॅग कागद. काच लॅमिनेटेड किंवा कोटिंग केलेली नको, ती अतिनील किरण खाते. टार्लटन मिळालं नाही तर मंगलदास मार्केटमध्ये खळ घातलेलं विरळ विणीचं मलमल शोधा. घरी आणून हाताने चुरगाळून खळ थोडी मोडायची, नाहीतर कडक धागे प्लेटवर ओरखडे काढतात.

फाइल आणि फिल्म

कुठला फोटो निवडायचा, यावर अर्धं यश आहे. ही पद्धत सावल्यांवर जगते. गिरगावातल्या जुन्या चाळीचा लाकडी जिना घ्या: खाली जवळजवळ अंधार, पायऱ्यांच्या झिजलेल्या कडांवर अस्पष्ट चमक, वरच्या झरोक्यातून येणारा उजेड कठड्यावर पडलेला. संगणकाच्या पडद्यावर जो अंधार नुसता काळा दिसतो, त्यात छापावर लाकडाच्या रेषा दिसू शकतात. उलट भर दुपारच्या समुद्राचा, सगळा पांढरा असा फोटो सुरुवातीला घेऊ नका. त्यात प्लेटवरचा प्रत्येक डाग उघडा पडतो. पुढची सगळी उदाहरणं मी याच जिन्याची देईन.

फाइल ग्रेस्केल, १६ बिट, छापाच्या प्रत्यक्ष मापात आणि एप्सनसाठी ३६० पीपीआयवर ठेवा. शार्पनिंग नेहमीपेक्षा थोडं जास्त चालतं, कारण ओला कागद आणि शाई मिळून कडा मऊ करतात.

उलटसुलट करण्याबद्दल बराच गोंधळ असतो. फिल्मची शाईची बाजू प्लेटला चिकटून राहणार असेल, आणि ती तशीच राहिली पाहिजे, तर फोटो सरळच छापायचा, आरशातला नाही. फिल्म पालथी घातली की प्लेटवर प्रतिमा उलटी होते आणि कागदावर पुन्हा सरळ. फ्रेममध्ये दुकानाची पाटी किंवा घराचा नंबर असेल तर पहिल्या छापाआधी हे एकदा कागदावर करून बघा. फिल्म न वापरता प्रिंटरमधून थेट प्लेटवर छापणारेही लोक आहेत, आणि त्यांना फोटो उलटा करावा लागतो. त्यासाठी सरळ मार्गाने जाड वस्तू नेणारा प्रिंटर लागतो, आणि पत्रा जरा उचलला गेला तर प्रिंटहेड घासतं. सुरुवात फिल्मनेच करा.

पिगमेंट शाईचा प्रिंटर असेल तर उत्तम. डाय शाईच्या टँकवाल्या प्रिंटरवरही काम होऊ शकतं, पण काही डाय शाया डोळ्याला काळ्याभोर दिसतात आणि अतिनील किरण मात्र सोडतात. ते डोळ्यांनी कळत नाही, टेस्ट प्लेटवरच कळतं. फिल्म पिक्टोरिकोसारखी इंकजेटसाठी कोटिंग केलेली हवी. स्क्रीन प्रिंटिंगवाले वापरतात ती वॉटरप्रूफ इंकजेट फिल्म सरावाला चालते, पण तिचं धुकट कोटिंग हलक्या छटांत दाणा आणतं. प्रिंट क्वालिटी सर्वांत वरची ठेवा आणि फक्त काळ्या शाईवर जाऊ नका, कारण हलक्या भागात एकट्या काळ्याचे ठिपके सुटे दिसतात. एप्सनच्या अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोडने सुरुवात करता येते. पुढे हात बसला की क्वाडटोनरिप हे छपाईचं सॉफ्टवेअर वापरा, त्यात प्रत्येक शाईचं प्रमाण आपल्या हातात येतं.

फिल्म निघाली की लगेच वापरू नका. जानेवारीत तास-दोन तासांत ती वाळते. जुलैत ती रात्रभर एसीच्या खोलीत किंवा सिलिका जेल टाकलेल्या बंद डब्यात ठेवावी लागते. अर्धवट ओली फिल्म दाबाखाली प्लेटला चिकटते आणि सोडवताना फिल्मची शाई आणि प्लेटची पृष्ठभागाची साय दोन्ही निघून येतात. शंका असेल तर फिल्मच्या कोपऱ्यावर टिश्यू दाबून बघा. टिश्यूला जरासाही रंग लागला तर थांबा.

तीन टेस्ट प्लेट

ही पायरी टाळून थेट जिन्याचा फोटो उघडणारे पुष्कळ असतात. नंतर काळा फिका आला की त्यांना कळत नाही की स्क्रीन चुकला, फिल्म चुकली की पुसणं चुकलं. दुसऱ्याच्या वेळा वापरण्यात अर्थ नाही, कारण दिवा, काच, फिल्म आणि हवा सगळंच वेगळं आहे. तीन छोटे तुकडे खर्ची घाला.

पहिला तुकडा स्क्रीनसाठी. प्लेटवर स्क्रीन ठेवून पट्ट्यापट्ट्यांनी २०, ४०, ६०, ८० सेकंद असा वाढता प्रकाश द्या, बाकीचा भाग काळ्या जाड कागदाने झाकत जा. मग पूर्ण काळी छापलेली फिल्म ठेवून सगळ्या तुकड्याला एक ठरावीक एक्स्पोजर द्या, धुवा आणि छापा. कमी वेळेच्या पट्टीत ओपन बाइट दिसेल, करडी आणि डागाळलेली. वेळ वाढेल तसा काळा गडद होत जाईल आणि एका टप्प्यानंतर पुन्हा फिका पडू लागेल, कारण आता खांबांमधल्या फटीच भरून येतात. सर्वांत गडद पट्टीची वेळ ती आपली.

दुसरा तुकडा पॉझिटिव्हसाठी. स्क्रीनची वेळ ठरली आहे, ती सगळीकडे सारखी द्या. मग २१ टप्प्यांची पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची पट्टी फिल्मवर छापून ती वेगवेगळ्या वेळांनी उघडा. फिल्म पूर्ण पारदर्शक आहे तिथे छापात कागदाचा पांढरा दिसायला हवा. तो मिळवून देणारी सर्वांत कमी वेळ घ्या. त्याहून वाढवली तर पांढऱ्यात काही फरक पडत नाही, पण सावल्या उथळ होत जातात.

तिसरा तुकडा कर्व्हसाठी. दोन्ही ठरलेल्या वेळांनी २१ टप्प्यांची पट्टी काढा, नीट छापा, वाळल्यावर स्कॅन करा. पहिल्या वेळी जवळपास नेहमीच दिसतं की गडद बाजूचे चार-पाच टप्पे एकाच काळ्यात बुडाले आहेत आणि हलकी बाजू एकदम उडी मारते. फोटोशॉपमध्ये कर्व्ह करून गडद टप्पे वर उचला आणि तो कर्व्ह प्लेट, फिल्म, कागद यांच्या नावाने साठवून ठेवा. जिन्याखालच्या अंधारातल्या लाकडी रेषा इथेच वाचतात. कागद बदलला तरी कर्व्ह थोडा हलवावा लागतो. पावसाळ्याचा आणि हिवाळ्याचा कर्व्ह मी वेगळा ठेवते, आणि तुम्हीही तसंच करावं असं सुचवेन.

प्लेट उघडणं आणि धुणं

खोलीत पिवळा दिवा लावा. पांढरी ट्यूब आणि खिडकीचा उजेड दोन्ही नकोत, पण फोटोग्राफीच्या डार्करूमइतका अंधारही लागत नाही. प्लेट पाकिटातून काढून लगेच वापरा आणि उरलेली पाकिटात हवाबंद करा. संरक्षक फिल्म कोपऱ्यातून एका दमात, न थांबता ओढून काढा. मध्येच थांबलं की त्या जागी आडवी रेषा राहते आणि ती छापावर येते.

हवा दमट असेल तर प्लेटचा पृष्ठभाग किंचित चिकट लागतो. मऊ ब्रशने बेबी पावडरचा अगदी हलका हात फिरवून जादा पावडर झटकून टाका. फिल्म चिकटत नाही आणि काचेखालची हवाही नीट निघून जाते. पावडर जास्त झाली तर छापात पांढरे ठिपके दिसतात.

आधी स्क्रीन, इमल्शनची, म्हणजे ठिपक्यांची, बाजू खाली. काच ठेवा, चारही कडांवर सारखा दाब द्या, किंवा व्हॅक्यूम फ्रेम असेल तर सगळी हवा निघेपर्यंत थांबा. फिल्म आणि प्लेट यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी तो भाग धूसर होतो. स्क्रीनचा वेळ झाला की तो काढून पॉझिटिव्ह ठेवा, शाईची बाजू खाली, आणि दुसरं एक्स्पोजर द्या. मधला वेळ प्रत्येक वेळी सारखाच असू द्या. फोन वाजला तरी उचलू नका.

धुण्याच्या पाण्याचं तापमान २० ते २५ अंशांच्या दरम्यान हवं. मुंबईत ही अट वाटते तितकी सोपी नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारं पाणी हाताला गरम लागतं. त्यात प्लेट फार लवकर धुतली जाते आणि बारीक खांब वाहून जातात. आदल्या रात्री बादली भरून ठेवा, लागलं तर फ्रिजमधल्या पाण्याने तापमान जुळवा आणि थर्मामीटरने बघा.

ट्रेमध्ये पाणी घेऊन प्लेट बुडवा आणि मऊ ब्रशने गोल गोल, वजन न देता फिरवत राहा. काही सेकंदांत पाणी दुधाळ होतं आणि प्रतिमा उमटू लागते. साधारण एक ते दोन मिनिटं पुरतात, पण टेस्टला जेवढा वेळ धुतलं तेवढाच वेळ इथेही धुवायचं. बाहेर काढून स्वच्छ पाण्याची एक धार, आणि लगेच कोरा न्यूजप्रिंट पसरून टिपा. घासू नका. पाण्याचा एकही थेंब प्लेटवर वाळू देऊ नका, त्याच्या कडेचा वर्तुळाकार डाग कायमचा बसतो. मग हेअर ड्रायरने पाच मिनिटं वाळवा. आता तिरप्या उजेडात प्लेट पाहिली तर जिन्याच्या सावल्या मॅट दिसतात आणि झरोक्याची जागा चकचकीत.

शेवटी प्लेट पुन्हा दिव्याखाली, या वेळी वर काहीच न ठेवता, दहाएक मिनिटं. ऊन असेल तर गॅलरीत तेवढाच वेळ ठेवा. यामुळे उरलेला पॉलिमर पक्का होतो. पावसाळ्यात ही पायरी घाईत उरकली तर प्लेट दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकट होते आणि टार्लटनचे धागे तिला धरतात. कडा आणि कोपरे बारीक कानसीने तिरपे घासून घ्या, नाहीतर कागद फाटतो आणि प्रेसचं ब्लँकेट कापलं जातं.

कागद

बीएफके रीव्ह्ज, सॉमरसेट, हानेम्यूले हे एचिंगचे नेहमीचे कागद. पुण्यातल्या हातकागद संस्थेचा आणि सांगानेरचा कॉटन कागदही वापरून बघण्यासारखा आहे. हातकागदात खळ कमी-जास्त असते, म्हणून आधी एक कोपरा भिजवा. खळ असलेला कागद १५ ते ३० मिनिटं पाण्यात ठेवता येतो. बिनखळीचा कागद उचलतानाच फाटतो, त्यावर फक्त पाण्याचा फवारा मारायचा. मग सगळे ताव एकावर एक रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि वर वजन ठेवून रात्रभर सोडा. सकाळी कागद गार आणि लवचीक लागतो, पण पृष्ठभागावर पाण्याची चमक नसते. चमक दिसली तर ब्लॉटरमध्ये, म्हणजे टीपकागदात, टिपा. त्या दिवशी वापर झाला नाही तर गुंडाळलेला गठ्ठा फ्रिजमध्ये ठेवा.

शाई भरणं आणि पुसणं

इथून पुढचं सगळं हाताचं काम आहे, आणि या पद्धतीचा आनंदही इथेच आहे.

शाई काचेवर घेऊन सुरीने चांगली मळा. उचलून सोडली की काकवीसारखी सावकाश ओघळायला हवी. थंडीत घट्ट वाटली तर जवसाच्या प्लेट ऑइलचे एक-दोन थेंब घाला. एप्रिल-मेमध्ये ती आपोआप पातळ होते आणि पुसताना खळग्यांतून ओढली जाते, तेव्हा चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट मळून घट्ट करा. निव्वळ काळी शाई थोडी थंड दिसते. जिन्यासारख्या लाकडी विषयाला मी तीत थोडी तपकिरी बर्न्ट अंबर घालते.

जाड पुठ्ठ्याच्या तुकड्याने शाई प्लेटवर पसरा, वेगवेगळ्या दिशांनी ओढत नेऊन खळग्यांत भरा आणि जादा शाई परत खरवडून घ्या. मग टार्लटनचा गोळा करा, खालची बाजू सपाट, सुरकुत्या नसलेली. पहिला गोळा आधीच शाई लागलेला असला तर चांगलं, तो एकदम सगळं ओढत नाही. हात गोल फिरवत, कडेकडून मध्याकडे, दाब हलका आणि सारखा. गोळा भरला की त्याची दुसरी बाजू, मग दुसरा स्वच्छ गोळा. सावल्यांतला लाकडी पोत दिसू लागला की टार्लटन थांबवा.

त्यानंतर गुळगुळीत टिश्यूचा किंवा न्यूजप्रिंटचा तुकडा तळहाताखाली सपाट धरून फक्त उजेडाच्या जागा पुसायच्या. झरोक्यावर दोन-तीन हात. कठड्याच्या वरच्या कडेवर बोटाला कागद गुंडाळून एकच सरळ ओढ, म्हणजे उजेडाची रेषा वर येते. पायऱ्यांवर काही करायचं नाही, तिथली शाईची पातळ साय तशीच राहू द्या. ती सगळी पुसली तर जिना कोरडा आणि कापल्यासारखा दिसतो. फार ठेवली तर धूर पसरल्यासारखं होतं. किती ठेवायची हे प्रत्येक फोटोला वेगळं असतं, आणि पहिल्या दोन-तीन छापांत ते ठरतं. नव्या प्लेटचे पहिले छाप तसेही फिके येतात. शाई खळग्यांत नीट बसायला थोडा वेळ लागतो.

प्लेटच्या तिरप्या कडा फडक्याने स्वच्छ करा. कडेला शाई राहिली तर सुंदर छापाभोवती काळी मळकट चौकट येते.

प्रेस

घरी प्रेस नसणं हे मुंबईत स्वाभाविक आहे. सर ज. जी. कला महाविद्यालयात मुद्राचित्रणाचा विभाग आहे, शहरात छापचित्रांचे काही स्टुडिओही आहेत. तिथे तासावर प्रेस मिळते का, चौकशी करा. प्लेट घरी तयार करून, कागद ओला करून, एका दिवशी सगळे छाप काढायला न्यायचे, ही पद्धत सोयीची पडते.

बेडवर न्यूजप्रिंट, त्यावर प्लेट, त्यावर ओला कागद, मग ब्लँकेट. दाब एवढा, की कागदाच्या मागून प्लेटची कड आणि मोठे आकार बोटाला जाणवतील. पोलादी प्लेट बेडवर सरकू शकते, तिच्याखाली पातळ न घसरणारी शीट घाला. चक्र न थांबता एका संथ गतीने फिरवा. मध्ये थांबलात तर आडवा पट्टा उमटतो. कागद एका कोपऱ्यातून उचला आणि खाली पाहत पाहत सोडवा.

छाप आला की आधी काळा बघा, मग पांढरा, मग मधलं. सगळा काळा करडा असेल आणि मोठ्या सावल्यांच्या कडा मात्र गडद असतील, तर स्क्रीनचं एक्स्पोजर कमी पडलं. काळा सारखाच फिका असेल तर स्क्रीन किंवा पॉझिटिव्हला वेळ जास्त झाला, किंवा पुसताना शाई ओढली गेली. हे ओळखायला त्याच प्लेटवर कमी पुसून आणखी एक छाप काढा, काळा सुधारला तर दोष हाताचा. झरोक्यात करडेपणा राहिला आणि कितीही पुसलं तरी जात नसेल, तर पॉझिटिव्हला वेळ कमी मिळाला. पांढरे, मीठ टाकल्यासारखे ठिपके सगळीकडे दिसत असतील तर कागद पुरेसा ओला नाही किंवा दाब कमी आहे. एखाद्याच जागी धूसर डाग असेल तर काचेखाली हवा राहिली होती.

वाळवणं आणि साठवण

ओले छाप ब्लॉटरमध्ये, वर टिश्यू ठेवून, सपाट फळ्यांखाली दाबून ठेवा आणि पहिले काही दिवस ब्लॉटर रोज बदला. तेलाची शाई हवेतल्या ऑक्सिजनने वाळते आणि पावसाळ्यात बराच जास्त वेळ घेते. बोटाने तपासू नका, कोऱ्या टिश्यूने तपासा. पूर्ण वाळल्यावर कडेला पेन्सिलने आवृत्तीचा क्रमांक आणि सही. एका पॉलिमर प्लेटवरून काही डझन चांगले छाप निघतात, तांब्याइतकी ती टिकत नाही. म्हणून आवृत्ती किती ठेवायची ते छापायला बसण्याआधीच ठरवा.

प्लेट साफ करायला पाणी वापरायचं नाही. कडक झालेला पॉलिमरही पाण्याने फुगतो. थोडं गोडेतेल घालून मऊ फडक्याने शाई सोडवा, मग मिनरल स्पिरिटचा अगदी ओलसर हात, खिडकी उघडी ठेवून. खळग्यांत शाई वाळून बसली तर पुढच्या वेळी त्या सावल्या भरत नाहीत, तेव्हा हे काम त्याच दिवशी झालं पाहिजे. प्लेट कोरडी झाली की टिश्यूत गुंडाळा, सिलिका जेलच्या पुडीबरोबर झिप पिशवीत घाला आणि सपाट, अंधाऱ्या जागी ठेवा. पिशवीवर दोन्ही एक्स्पोजरच्या वेळा, कर्व्हचं नाव, पाण्याचं तापमान आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहा. सिलिका जेल पावसाळ्यात दर पंधरवड्याला तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडं करून घ्या. रंग बदलणारं घेतलं तर ते कधी भरलं हे पिशवी न उघडताच दिसतं.